केस उगवंस्तोर

मामा, कॉलेजातल्या शोकसभेत तुमच्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं काहीही मला मान्य नाही. संस्थेचे सचिव माइक हातात घेऊन म्हणाले, "सटवाजी हे अत्यंत आज्ञाधारक कर्मचारी होते." मी तिसऱ्या रांगेत होते. भर सभेत मला हसू फुटलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. तुम्ही आणि आज्ञाधारक! सचिवांची परिपत्रकं घडी घालून तुमच्या डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. दुसरे एक सर म्हणाले, ते मितभाषी होते. ते सर आपल्या होस्टेलच्या फाटकाकडे कधी फिरकलेच नसावेत.

तुम्ही गेल्याला आज तीन आठवडे झाले. फाटकावर आता एजन्सीचा माणूस असतो, निळ्या वर्दीतला. त्याला खुर्ची मिळाली आहे. तुमचं स्टूल भिंतीशी उलटं करून ठेवलंय. मी येता-जाता ते सरळ करते, तो पुन्हा उलटं करतो. आमचं हे असंच चालू राहणार. मला तुमची लय आठवण येते, मामा, आणि तुमचा रागही तितकाच येतो. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात.

आपलं भांडण सुरू झालं ते पहिल्याच दिवशी. संस्थेनं माझ्याकडे परदेशी विद्यार्थी कक्ष दिला होता. कक्ष म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि होस्टेलच्या फाटकावर तुम्ही. नेपाळ, टांझानिया, मलावी, अफगाणिस्तान, कुठून कुठून शाळा संपवून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं परभणीच्या स्टेशनावर बॅगा घेऊन उतरायची. त्यांना शेतीची पदवी मिळेपर्यंत सांभाळायचं काम माझं होतं. मी मोठ्या हौसेनं चाळीस स्लाइडचं सादरीकरण बनवलं. बँकेचं खातं कसं उघडायचं, पोलिसांकडे नोंद कशी करायची, हजेरी किती लागते, पाणी उकळून प्या. पोरं प्रवासानं अर्धमेली झालेली होती. विसाव्या स्लाइडला निम्मी झोपली. सभागृहाच्या दारात तुम्ही उभे होतात, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक झाडू देत.

मी भडकले. "मामा, पाहुणे आहेत ते!"

"पाहुणा म्हनू नका बाई," तुम्ही म्हणालात. "पाहुण्याला कुनी काम सांगत न्हाई. आन् ज्याला काम न्हाई त्याला घर याद येतंय."

त्या संध्याकाळी पोरांनी स्वतःच्या खोल्या झाडल्या, पाण्याची टाकी धुतली, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं, आणि माझ्या चाळीस स्लाइडमधून जे झालं नव्हतं ते झालं. हे मी तेव्हा तुमच्यापाशी कबूल केलं नाही. आजही पूर्ण करत नाही. पाणी उकळून प्यायचं त्यांना माझ्याच स्लाइडमुळे कळलं.

मग जोड्यांवरून वाजलं. प्रत्येक नव्या मुलाला एक जुना सोबती द्यायचा होता. मी मार्क बघून यादी केली, हुशाराला हुशार. तुम्ही यादी हातात घेतलीत, ती इंग्रजीत होती म्हणून मला वाचायला लावलीत, आणि म्हणालात, "हे काय जमलं न्हाई." तुमचं गाव जिंतूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तुम्ही नोकरीला लागलात तरी फाटकावर बसून चातीवर लोकर कातायचं सोडलं नव्हतंत. कातता कातता तुम्ही मला समजावलंत.

"आमच्यात बाजारातून नवी मेंढी आनली की एकदम कळपात सोडत न्हाईत. एका जुन्या मेंढीच्या गळ्याला गळा बांधायचा, आठ दिवस संगं हिंडवायचं. मंग दावं सोडलं तरी ती कुठं जात न्हाई."

"मामा, ही माणसं आहेत."

"मंग? मेंढीला निदान कळपाची भाषा तरी कळती. ह्यांला ती बी न्हाई."

जोड्या तुम्ही लावल्यात. मलावीहून आलेल्या थोकोला तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या नेपाळी मुलीसोबत ठेवलंत. दोघींचा विषयात, स्वभावात कशातच मेळ नव्हता. कारण विचारलं तर म्हणालात, "ती बी चार वाजले की रडायली, ही बी चार वाजले की रडायली. दोगी मिळून रडल्या की लवकर सपतंय." आठवड्याभरात दोघी चार वाजता टपरीवर चहा प्यायला जायला लागल्या.

आणि ती काठी! पहिले पंधरा दिवस सकाळी सहाला तुम्ही प्रत्येक दारावर काठी आपटत फिरायचात. पुढचे पंधरा दिवस एक दिवसाआड. महिना संपला की बंद. शाळेत घंटा होती, मास्तर होते, घरी आई होती. इथे कोणी उठवणारं नाही हे त्यांना हळूहळू कळावं म्हणून. पण त्या वर्षी एक पोरगा झोपून राहिला, त्याचं प्रात्यक्षिक बुडालं, आणि मी फाटकावर येऊन तुम्हाला चार माणसांत बोलले. तुम्ही शांतपणे लोकर कातत म्हणालात, "आज उठवलं तर चौथ्या सालाला बी मलाच उठवावं लागंल. मी काय तवर राहतो का." माझं उत्तर तयार होतं, पण तुम्ही आत निघून गेलात. अर्ध्या भांडणातून उठून जायची तुमची खोड तेव्हापासूनची.

थोको तुमची लाडकी. ती मराठी शिकली ते तुमच्याकडून, त्यामुळे ती कॉलेजभर "लय ऊन हाय" आणि "काय करायलाव" म्हणत हिंडायची, आणि माझ्या शुद्ध मराठीला हसायची. तिच्या देशात शाळेतल्या मुली केस अगदी बारीक ठेवतात म्हणे. ती येतानाच बॅगेत केस कापायचं मशीन घेऊन आली होती. रविवारी होस्टेलच्या पायरीवर बसून ती सगळ्या पोरांचे केस कापायची. तिला आई नव्हती, आजीनं वाढवलेलं. रोज संध्याकाळी पाव तास ती आजीशी बोलायची आणि त्या पाव तासावर पुढचा अख्खा दिवस काढायची.

पहिल्या सत्राची परीक्षा आली तेव्हा तिनं तिचा फोन तुमच्या हातात दिला. "मामा, पेपर होईपर्यंत ठेवा. संध्याकाळी पाव तास द्या फक्त. जास्त मागितला तरी देऊ नका." तुम्ही तो रुमालात बांधून खिशात ठेवायचात. परीक्षेच्या त्या दिवसांत असा रुमाल सोडताना मी तुम्हाला किती तरी वेळा पाहिलं.

दोन पेपर राहिले होते. दुपारी तिच्या भावाचा मेसेज माझ्या फोनवर आला, कारण कागदोपत्री इथली तिची जबाबदार व्यक्ती मी होते. आजी गेली होती. मी पळतच फाटकापाशी आले. तुम्ही ऐकलंत, चाती खाली ठेवलीत, कपाळाला हात लावलात. मग म्हणालात, "पेपर झाल्यावर सांगू."

आपल्याकडे कोण सरळ सांगतं, असं तुम्ही म्हणालात. खरंच होतं ते. आपल्या भागात मयताची बातमी फोनवर कोणी देत नाही. 'तब्येत नरम आहे, निघा' म्हणतात, माणूस दारात पोचला की त्याचं त्याला कळतं. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील, आमचे दादा, गेले तेव्हा मलाही सेलूहून तसाच फोन आला होता. सिरियस आहेत, ये. मी परभणी स्टेशनाबाहेर दोन किलो मोसंबी निवडून घेतली, एकेक दाबून, कारण दादांना रसाळ लागायची. गाडीत पिशवी मांडीवर ठेवली. घराच्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि मला कळलं. मोसंब्यांची ती पिशवी माझ्या हातातून आत्यानं काढून घेतली. त्या मोसंब्यांचा मला अजून राग आहे. गाडीतला तो तासभर मी दादांसाठी रडू शकले असते, आणि मी मात्र बाजूच्या बाईला मोसंबीचा भाव सांगत होते.

एवढं असूनही मी तुम्हाला हो म्हटलं.

दोन संध्याकाळी थोको फाटकावर आली. तुम्ही तिला सांगितलंत, फोनचं चार्जिंग बिघडलंय, दुरुस्तीला दिलाय. खिशातला रुमाल तसाच बांधलेला होता. तिचा तुमच्यावर इतका विश्वास की तिनं दुसऱ्याचा फोनही मागितला नाही. तिनं दोन्ही पेपर लिहिले, चांगले लिहिले. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला पायरीवर बसवून सांगितलंत. मी ऑफिसात होते. मी मुद्दामच ऑफिसात होते, मामा. तिचा आवाज मला तिथवर ऐकू आला. तिच्या गावाकडे माणूस गेलं की रात्रभर बाया गातात, माती होईपर्यंत घर गप्प राहू देत नाहीत. ती तुम्हाला ओरडून हेच सांगत होती की सगळ्यांनी गायलं आणि मीच नव्हते. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी लपवलं. माजी चूक." तुम्ही 'मी' म्हणालात, 'आम्ही' म्हणाला नाहीत.

ती तुमच्याशी बोलायची बंद झाली. फाटकातून जाताना दुसरीकडे बघायची. तिच्या आजीच्या दहाव्याला तुम्ही सकाळची सुट्टी टाकलीत आणि दुपारी ड्युटीवर आलात ते चकोट करून, डोक्यावर एक केस नाही. ती वर्गातून येत होती. तुम्हाला बघून थबकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमच्याशी बोलली, "मामा, कोण गेलं?"

"तुजी आजी," तुम्ही म्हणालात. "हितं तिचं करायला दुसरं कोन हाय?"

ती वर निघून गेली. मी तुमच्यावर चिडले. हे असलं नाटक करण्यापेक्षा सरळ तिची माफी का मागत नाही, असं विचारलं. नाटक हा शब्द मी वापरला होता आणि तो मी आज परत घेते. तुम्ही टाळूवरून हात फिरवत म्हणालात, "तोंडानं माफी मागितली की सपली बाई. हे कसं, उगवंस्तोर दिसतंय. पोरगी रोज येता-जाता बगंल. मला बी आरशात दिसंल."

केस बोटभर वाढल्यावर एका रविवारी ती मशीन घेऊन फाटकावर आली आणि म्हणाली, "मामा, बसा." तिनं तुमचे वाकडेतिकडे वाढलेले केस सारखे केले. तिथून पुढे तीन वर्षं दर महिन्याला तुमचे केस तिनंच कापले. गावातला न्हावी तुमच्यावर रुसला होता.

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं की मला तिला सांगू द्या, यात मीही होते. दर वेळी तुमचं तेच. "कशाला? परक्या मुलखात पोरीला भरोशाचं एक तरी मानूस लागतंय. माज्यावरचा गेला तो गेला. तुमच्यावरचा राहू द्या." यावर मी गप्प बसायची. तुमचं पटलं म्हणून गप्प बसायची असं तुम्हाला वाटत असेल. तसं नव्हतं. मला ते सोयीचं होतं.

आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, म्हणून ऐका. त्या मेसेजमध्ये दोन ओळी होत्या. मी तुम्हाला एकच वाचून दाखवली. पहिली ओळ होती, आजी आज पहाटे गेली, थोकोचा फोन लागत नाही, तिला सांगा. दुसरी ओळ होती, उद्या सकाळी माती आहे, तोवर गाणी चालतील, आजीच्या कानाशी तिचा आवाज लावायचा आहे, तिला फोन करायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि मी दुसरी ओळ गिळली. कारण तुम्ही ती ऐकली असती तर खिशातला रुमाल तिथल्या तिथे सोडला असता, हे मला माहीत होतं. आणि मला पेपर हवे होते. पहिल्याच सत्रात पोरं नापास झाली तर कक्ष बंद करू, असं सचिव मला म्हणाले होते. तुमची चूक मायेपोटी झाली. माझी कक्षापोटी झाली. तीन वर्षं तुम्ही दोन्ही चुका एकट्याच्या नावावर वागवल्यात, आणि त्यातली दुसरी तर तुम्हाला ठाऊकही नव्हती.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी सातला तुमच्या मुलाचा फोन आला. तुम्ही सुट्टीला गावी गेलेले. "बाई, बाबांची तब्येत जरा नरम हाय. येता का?" मला मोसंब्यांचा वास आला. मी म्हटलं, "सरळ सांग." तो रडायला लागला. माती बाराला होती. नातेवाईक सगळे जवळपासच्या गावांतले, मातीला थांबायचं काही कारण नव्हतं.

थोकोचा पेपर दहाला होता. शेवटच्या वर्षाचा, सगळ्यात अवघड विषयाचा. तुमचा मुलगा म्हणाला, "तिला पेपर झाल्यावर सांगा. बाबांनी बी तसंच केलं असतं." प्राचार्य फोनवर म्हणाले, पेपर होऊ द्या. माझ्या नवऱ्यानंही तेच सांगितलं. तुम्हीही तेच म्हणाला असतात, मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. 'खरं सांगायला काय बाई, नुसतं तोंड लागतंय. कवा सांगायचं त्याला अक्कल लागती.'

लागते ना. पण ती अक्कल ज्याची त्याला वापरू द्या. हे उत्तर मी तीन वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं, तेव्हा मी हो म्हटलं, आणि आता ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत.

मी साडेनऊला परीक्षा हॉलच्या दारात तिला गाठलं आणि सांगितलं. मामा आज पहाटे गेले. माती बाराला आहे. गाव इथून दीड तास. काय करायचं ते तू ठरव, गाडी मी आणली आहे. ती भिंतीला टेकून उभी राहिली. हातातली पेनं खाली पडली ती मी उचलली. मग तिनं नाक पुसलं आणि तुमच्या भाषेत म्हणाली, "हजिरी लावून येते."

पहिला अर्धा तास कोणाला बाहेर सोडत नाहीत. साडेदहाला ती बाहेर आली. एक प्रश्न लिहिला होता, तोही अर्धा. म्हणजे तुमचंच खरं झालं, मामा. बातमी ऐकून पोरगी पेपर लिहू शकली नाही. घ्या, हे तुमच्या बाजूचं लिहून दिलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा साडेनऊलाच सांगेन.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्हाला उचलत होते. तुमच्या अंगावर तुम्हीच कातलेल्या लोकरीचं घोंगडं होतं. बाया दारापर्यंतच आल्या. थोको थांबली नाही, पुरुषांच्या मागे चालत राहिली, तिच्या मागोमाग मी, आणि तिला कसं अडवावं हे कोणाला सुचेना. शिवेपाशी तिनं गायला सुरुवात केली, तिच्या भाषेत, मोठ्यानं. तुमच्या भावकीतला एक म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "रडायली का गायली ही?" मी म्हटलं, "दोन्ही." तो म्हणाला, "मंग गाऊ द्या." माती होईपर्यंत ती गात होती. एकाही माणसानं तिला गप्प केलं नाही. तुमच्या डोंगरानं असलं गाणं आधी कधी ऐकलं नसेल.

परतताना जिंतूर जवळ आलं तेव्हा मी तिला सांगितलं. आजीची बातमी आधी माझ्याकडे आली होती. मामांना मी सांगितली. लपवायचं आम्ही दोघांनी ठरवलं. तुम्ही तीन वर्षं जपलेला तिचा माझ्यावरचा भरोसा मी दहा मिनिटांत मोडला. ती म्हणाली, "गाडी थांबवा." स्टँडवर उतरली आणि परभणीच्या एसटीत जाऊन बसली. मी त्या एसटीच्या मागे मागे गाडी चालवत आले. एसटी थांबली की मी थांबायची. ती मागच्या खिडकीशी बसली होती. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

मग कॉलेजात माझी चौकशी. विद्यार्थिनीनं पेपर अर्धवट का सोडला, याचा खुलासा मागितला. मी लेखी दिलं, 'बातमी मी दिली. पुन्हा वेळ आल्यास पुन्हा देईन.' सचिव म्हणाले, भाषा जरा सौम्य करा. मी म्हटलं, हीच सौम्य आहे. तो कागद बहुतेक माझ्या फाइलला लागेल. लागू द्या. आपलं स्टूल तसंही अजून डुगडुगतंच.

दहा दिवस थोको माझ्याशी बोलली नाही. तुमच्या दहाव्याला तुमच्या मुलानं नदीवर केस दिले. मी गेले नाही. रविवार होता. मी होस्टेलच्या पायरीवर गेले. थोको नव्या मुलांपैकी एकाचे केस कापत होती. मी खालच्या पायरीवर नंबर लावून बसले. पोरगा उठून गेल्यावर मी तिच्यापुढे बसले आणि अंबाडा सोडला.

"शेंडे कापायचे?" ती कोरडेपणानं म्हणाली.

"सगळे. एक ठेवू नको."

"मामांसाठी?"

"मामांसाठी त्यांचा मुलगा आहे. हे तुझ्या आजीसाठी. मला तीन वर्षं उशीर झाला." आणि मी फोन उघडून तो मेसेज तिच्या हातात दिला. मी तो कधी पुसला नव्हता. तिनं पहिली ओळ वाचली. मग दुसरी वाचली. ती किती वेळ वाचत होती मला माहीत नाही, माझी पाठ तिच्याकडे होती. "हे मामांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. मी त्यांना वाचून दाखवलं नाही."

तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं आता ती उठून जाईल. आधी कात्रीचा आवाज आला, मग मशीन सुरू झालं. तिनं मानेपासून सुरुवात केली. तिचे हात तुमच्या डोक्यावरून जितके हलके फिरायचे तितके माझ्या डोक्यावरून फिरले नाहीत, पण तिनं अर्ध्यात सोडलं नाही. माझे कमरेपर्यंतचे केस पायरीवर पडले. मी झाडू आणून ते स्वतः झाडले. तुमचाच नियम.

घरी सासूबाईंनी दारात मला बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "आगं माजे बाई, तुजा नवरा जित्ता हाय गं!" मी म्हटलं, "माहीत आहे आत्याबाई, सकाळीच त्यांना चहा दिलाय." त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. कॉलेजात लोक आधी आजाराची चौकशी करतात, मग कुजबुजतात. मी डोक्यावर पदर घेत नाही, ओढणी घेत नाही. कोणी विचारलं की सांगते, एका मुलीची आजी गेली होती. कधी गेली विचारलं की तेही सांगते.

आणखी एक सांगायचं राहिलं. तुमची काठी तुमच्या मुलानं मला दिली आहे. पुढच्या तुकडीची पोरं आली की पहिले पंधरा दिवस सकाळी सहाला मी दारं वाजवणार आहे. वसतिगृहात अशा गोष्टींना परवानगी नाही असं परिपत्रक कालच निघालं. ते कुठं घालायचं मला माहीत आहे.

तर आपल्या भांडणाचा निकाल असा. झाडूच्या बाबतीत तुमचं खरं. जोड्यांच्या बाबतीत तुमचं. पेपरच्या बाबतीतही तुमचंच, मघाशी लिहून दिलंय. बातमीच्या बाबतीत माझं खरं, आणि आता तुम्हाला ते खोडायला येता येणार नाही. आणि माफीच्या बाबतीत मी साफ हरले. तुम्ही म्हणालात तसंच आहे ते. रोज आरशात दिसतं.

आज सकाळी फाटकात थोको समोर आली. पायरीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच थांबली. तिनं माझ्या डोक्याकडे बघितलं, जरा पुढे होऊन तळहात टाळूवर ठेवला, आणि अगदी तुमच्यासारखं म्हणाली, "बाई, उगवायलंय की."

मी म्हटलं, "मशीन आण. इतक्यात उगवायला नको."